तीन नंबरची माती

पहिल्याच दिवशी सरांनी माझ्या तळहातावर ओल्या मातीचा गोळा ठेवला आणि विचारलं, "काय आहे, सांग."

"काळी माती," मी म्हणाले.

"काळं तर डांबरही असते."

मी नुकतीच भूशास्त्रात एम.एस्सी. झाले होते आणि नागपूरच्या दक्षिणेला तासाभरावर असलेल्या कोळशाच्या एका उघड्या खाणीत कंत्राटी सहायक म्हणून लागले होते. चेहऱ्यावर हसू ठेवून मी त्यांच्या उत्तराची वाट बघत उभी राहिले. गोळा माझ्या हातात तसाच ठेवून ते खड्ड्यात उतरले. तो टाकावा की धरून ठेवावा, हे मला कळेना. अर्धा तास मी तो धरून उभी होते. वर आले तेव्हा त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं. गोळा सुकून त्याला बारीक भेगा पडल्या होत्या.

"आता सांग."

"भेगा पडल्या."

"हां. आता तू तिच्याविषयी काहीतरी बोलली."

त्या खाणीत त्यांचं काम एवढंच होतं. खाण पुढे सरकते, तशी पुढची शेतं मोकळी होतात. तिथे यंत्रं पोचायच्या आधी हे जाऊन माणूसभर खोल खड्डे खणवून घेत, आत उतरत आणि माती कशी आहे ते लिहून काढत. रंग, पोत, चुना किती, पाणी किती धरते, कुठल्या खोलीवर काय बदलतं. वरचा जिवंत थर किती जाडीचा खरवडायचा आणि कुठे वेगळा रचून ठेवायचा, ते त्यावरून ठरे. खाणीतून कोळसा काढून झाल्यावर खड्डा दगडमातीने भरायचा आणि वरून तीच जपून ठेवलेली माती पसरायची, असा नियम होता. बाकी सगळ्या खाणीला कोळशाशी काम. मातीशी काम असलेला माणूस एकटा हा. लोक त्यांना 'मातीवाले साहेब' म्हणत, आणि ते म्हणताना थोडं हसत.

मातीचं वर्णन लिहायचा एक छापील तक्ता होता. त्यात शेवटी 'शेरा' म्हणून रकाना होता. तो लोक रिकामा सोडत. सर मात्र तो भरून काढत आणि जागा पुरली नाही तर कागदाच्या मागे जात. मी आल्यावर जुने तक्ते लावून ठेवायचं काम मला दिलं होतं, तेव्हा ते शेरे वाचले. एका ठिकाणी लिहिलं होतं, 'पाणी घ्यायला उशीर करते, पण एकदा घेतलं की सोडत नाही.' दुसरीकडे, 'मुरूम. कोणाचंच पाणी ठेवत नाही.' आणि नाल्याकाठच्या एका खड्ड्याबद्दल, 'इथं दोन माती आहेत. खालची जुनी. वरची पुराने आणून टाकली, अजून तिची खालचीशी ओळख झाली नाही.'

वरच्या अधिकाऱ्यांनी एकदा त्यांना बोलावून विचारलं, "हे काय लिहिता तुम्ही? हा सरकारी कागद आहे यार."

सर म्हणाले, "मग खोटं कोणतं आहे ते दाखवा. खोडतो."

साहेबांना खोटं काही सापडलं नाही.

त्यांचा जन्म उमरेडच्या विणकरांच्या घरातला. वडील माग चालवत. घरातला माग कधीच बंद पडला होता, तिघेही भाऊ दुसऱ्या कामाला लागले होते. पण बोटांची सवय सरांच्या हातात राहिली होती. मातीला थोडं पाणी लावून ते अंगठा आणि बोटाच्या मध्ये दाबत न्यायचे. माती चिकण असली की अंगठ्याखालून तिची लांब फीत निघत जाई. ती किती लांब निघते आणि कुठे तुटते, यावरून ते पोत सांगायचे. मग प्रयोगशाळेचा अहवाल यायचा. तो त्यांच्या बोटांपेक्षा वेगळा आला तर नमुना परत पाठवायचे. दोनदा पाठवला. दोन्ही वेळा प्रयोगशाळेचीच चूक निघाली.

ही बोटं जागा पाहत नसत. एका बैठकीत शेजारी बसलेल्या मोठ्या साहेबांच्या शर्टाची बाही त्यांनी चिमटीत धरली, दोनदा चोळली आणि म्हणाले, "सुती म्हणून दिला असंल तुम्हाले. नाही आहे." बैठक दोन मिनिटं थांबली. मला हसू आवरेना. सरांना मात्र आपण काही वेगळं केलं असं वाटलंच नाही.

ते मनीषनगरला राहत, मी प्रताप नगरला. खाणीची बस सकाळी मला आधी घेई, मग त्यांना. खिडकीशी बसून ते रस्त्याकडेला कुठे पायाचं खोदकाम चालू असलं की मान वळवून बघत. दोन-अडीच वर्षांत बसमध्ये आमचं बोलणं झालं ते बहुतेक अशा खड्ड्यांवरच. एकदाच, कोणी न विचारता, ते बायकोबद्दल बोलले. ती लग्नानंतर सहा वर्षांनी माहेरी अमरावतीला गेली, ती परत आली नव्हती.

"भांडण नाही झालं," ते म्हणाले. "ती रोज विचारे, आज काय झालं म्हणून. मी सांगे. दीड मीटरवर चुनखडी लागली. उद्या विचारलं का दुसरं काही. असं सहा वर्षं. मग एक दिवस म्हणाली, तुमच्याजवळ बसून मले जास्त एकटं वाटते."

मी मांडीवरची पिशवी सरळ केली.

"खरंच चुनखडी लागायची वं," ते म्हणाले. "दुसरं काय सांगणार होतो मी?"

एका म्हातारीची भेट झाली तो दिवस मला नीट आठवतो, कारण सरांना कोणाशी तरी गप्पा मारताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

खाणीच्या पुढच्या कडेला एक गाव उठवलं जात होतं. बहुतेक लोक पुनर्वसनाच्या वस्तीत गेले होते. एका शेतात आम्ही खड्डा खणत होतो, तर त्या वावराची मालकीण धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, येऊन बसली. सत्तरीच्या पुढची, बारीक, पदर डोक्यावर घट्ट. बराच वेळ बघून झाल्यावर तिनं विचारलं, "काय पाहून राहिले गा एवढं?"

"माती पाहतो, माय."

"मंग मले विचारा नं. खड्डा काहून खणता?"

सर खड्ड्यातून वर आले. "सांगा."

"तिकडं वरच्या अंगाले हलकी हाय. तिथं तूर बरी येते. इकडं जड. पाऊस लागला का पाय काढू देत नाही. मधात एक पट्टा हाय, तिथं कापसाची पऱ्हाटी माणसाएवढी होते. काहून होते ते मले नाही मालूम."

सरांनी तिच्या त्या पट्ट्यात दुसरा खड्डा खणवला. तिथे काळी माती दीड मीटरच्याही खाली गेली होती. ते आतूनच ओरडले, "माय, इथं खोल आहे!" आणि म्हातारी उठून खड्ड्याच्या काठाशी आली, गुडघ्यावर हात ठेवून वाकून बघू लागली. आपल्याच वावराचं पोट तिनं कधी पाहिलं नव्हतं. सरांनी तिला थर दाखवले. ही काळी, ही तिच्या खालची तपकिरी, हे पांढरे खडे चुन्याचे, त्याच्या खाली पिवळा मुरूम. आम्लाची बाटली मागून त्यांनी खड्यावर थेंब टाकला. खडा फसफसला, तशी म्हातारी लहान पोरीसारखी हसली.

निघताना तिनं विचारलं, "मंग आता ही कुठी नेता?"

"वेगळी ठेवीन. तुमच्या वावराची वेगळी. कोळसा निघाला, खड्डा भरला, का वरून हीच टाकू."

"हीच?"

"हीच."

असा शब्द द्यायचा त्यांना अधिकार नव्हता. पण त्यांनी तो पाळायचा म्हणून जे केलं ते मी डोळ्यांनी पाहिलं. शेत खरवडलं त्या दिवशी ते सकाळपासून यंत्राच्या पुढे चालत होते, चालकाला हातानं खोली दाखवत. माती रचली तो ढीग त्यांनी माणसाच्या उंचीच्या वर जाऊ दिला नाही. उंच रचली की खालची माती दबते, हवा जात नाही, तिच्यातलं सगळं जिवंत मरून जातं, असं ते म्हणत. ढिगावर त्यांनी ताग पेरला आणि पाटी लावली. ढीग क्रमांक तीन. सुट्टीच्या आदल्या दिवशीसुद्धा ते बस सुटायच्या आधी तिकडे फेरी मारून येत. एका पावसाळ्यात त्या ढिगावर पिवळी फुलं आली. त्यांनी मला मुद्दाम तिथवर चालवत नेलं आणि फुलांकडे हात करून नुसते उभे राहिले.

तिसऱ्या वर्षी जून महिन्यात त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. मोतीबिंदू, एका मागोमाग दोन्ही डोळ्यांचा. महिनाभर ते येणार नव्हते आणि त्यांचं काम माझ्याकडे होतं.

त्या महिन्यात पाऊस लवकर आला. पाणी खाणीत शिरू नये म्हणून काठावर घाईनं बांध घालायचा होता, त्याला चिकण माती लागत होती, आणि सगळ्यात जवळ तीन नंबरचा ढीग होता. सकाळी मी आले तेव्हा अर्धा गेलेला होता. मी धावत कार्यालयात गेले. आमचे साहेब वाईट माणूस नव्हते. ते म्हणाले, "खाली माणसं काम करून राहिली आहेत. पाणी शिरलं तर? माती महत्त्वाची का माणसं?" मी परत फिरले. दुपारपर्यंत ढीग नव्हता. पाटी तेवढी चिखलात उभी होती.

तिथपर्यंत मी स्वतःला दोष देत नाही. दोष त्यापुढचा आहे. भरून झालेल्या एका पट्ट्यावर माती पसरायची होती, कारण ऑगस्टमध्ये तिथे झाडं लावायचा समारंभ ठरला होता. कंत्राटदारानं तिथे खालून निघालेली काळपट माती आणून पसरली, कोळशालगतच्या थरातली. दिसायला काळीभोर. साहेबांनी माझ्यापुढे कागद ठेवला. 'सदर क्षेत्रावर पसरलेली माती ढीग क्रमांक तीनमधील आहे.' खाली माझं नाव टाईप केलेलं.

"सर आल्यावर त्यांना—" मी म्हणाले.

"ते सुट्टीवर आहेत. चार्ज तुझ्याकडे आहे. आणि तुझं रिन्यूअल याच महिन्यात आहे नं?"

त्यांनी धमकी दिली नाही. त्यांना खरंच माझं नूतनीकरण व्हावं असं वाटत होतं. मी सही केली. सही करायला जेवढा वेळ लागतो तेवढाच लागला.

सर परतले ते काळा चष्मा लावून. ढिगाच्या जागी जाऊन आले. त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही. बांधाला माती गेली हे त्यांना लोकांनी सांगितलंच होतं. पसरलेल्या पट्ट्याचं मी सांगितलं नाही.

समारंभाला पुनर्वसनाच्या वस्तीतून बसनं लोक आणले होते. म्हातारीही आली होती. मांडव, खुर्च्या, रोपं ओळीनं ठेवलेली. नागपूरहून आलेले मोठे साहेब भाषणात म्हणाले की गावकऱ्यांनो, ही तुमच्याच शेतांची माती आहे, जशी नेली तशी आम्ही परत आणली. टाळ्या झाल्या. मग लोक रोपं लावायला उठले. म्हातारी मात्र चप्पल काढून त्या पट्ट्यावर दहा पावलं चालली आणि सरांसमोर येऊन उभी राहिली.

"साहेब, ही माही माती हाय का?"

ती मोठ्यानं बोलली नव्हती, पण आजूबाजूचे थांबले. सर वाकले. चिमूटभर माती घेतली, तिच्यावर बाटलीतलं पाणी सोडलं आणि अंगठ्यानं दाबत नेली. फीत निघालीच नाही. माती बोटाएवढीही न जाता चुरून खाली पडली. त्यांनी परत घेतली, दुसऱ्या जागची. परत चुरली. मी समोर होते. त्यांच्या तोंडाकडे न बघता मी त्यांच्या अंगठ्याकडे बघत होते.

"नाही माय," ते म्हणाले. "ही तुमची नाही. ही लई खालची आहे, कोळशाजवळची. हिच्यात अजून काहीच उगवलं नाही कधी."

आमचे साहेब घाईनं पुढे आले. "अहो, काय बोलता? कागदावर तीन नंबरची आहे. सर्टिफिकेट आहे." आणि त्यांनी तो कागद फाईलमधून काढून सरांच्या हातात दिला.

सरांनी काळा चष्मा कपाळावर सरकवला. नव्या डोळ्यांनी कागद वाचला. खालपर्यंत वाचला. मग घडी घालून परत केला.

"कागदाचं मले माहीत नाही," ते म्हणाले. "मातीचं विचारलं होतं, मातीचं सांगितलं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्या दिवशी नाही, नंतर तिथून जाईपर्यंतही नाही.

म्हातारीनं चपला हातात घेतल्या. "मले पायालेच समजलं होतं," ती म्हणाली. "कोनीतरी म्हनावं एवढंच वाटलं." आणि बसमध्ये जाऊन बसली.

सरांना पंधरा दिवसांत नागपूरच्या कार्यालयात हलवलं. निवृत्तीला सात महिने उरले होते. तिथे जुन्या फायलींच्या खोलीत त्यांना टेबल दिलं होतं, काम दिलं नव्हतं. सकाळच्या बसमध्ये त्यांची खिडकी रिकामी राहू लागली. दुसरं कोणी तिथे बसलं असतं तर मला बरं वाटलं असतं. माझं नूतनीकरण झालं. पुढच्या शेतांचे खड्डे मी घेऊ लागले आणि शेऱ्याचा रकाना रिकामा सोडू लागले. ते विचारतील, या भीतीत मी वर्ष काढलं. त्यांनी फोन केला नाही, निरोप पाठवला नाही.

शेवटी मीच गेले. मनीषनगरला चौथ्या मजल्यावर घर. मला वाटलं होतं, आत मातीच्या बाटल्या असतील, नमुने असतील, पाय ठेवायला जागा नसेल. तसं काहीच नव्हतं. पांढऱ्या फरश्या, एक पलंग, एक खुर्ची, भिंतीवर दिनदर्शिका. धुळीचा कणही नव्हता. एका माणसाचं ताट धुऊन पालथं ठेवलेलं. त्यांनी खुर्ची मला दिली आणि स्वतः पलंगाच्या कडेवर बसले.

मी पाणीसुद्धा न घेता सांगितलं, "सर, त्या कागदावर सही माझी होती."

"दिसली होती."

"मग मला विचारलं का नाही?"

ते बोटं चोळत बसले. बोटांत काही नव्हतं.

"विचारलं असतं तर तू कारण सांगितलं असतं," ते म्हणाले. "ते कारण खरं असतं. मले ते पटलं असतं. मग मी काय करणार होतो?"

मी रडले. त्यांना रडणाऱ्या माणसाचं काय करायचं ते माहीत नव्हतं. ते उठून गॅलरीत गेले, थोड्या वेळानं परत आले आणि विचारलं, "तिले सांगितलं का?"

"कोणाला?"

"जिची माती होती तिले. मले सांगून काय होते, पोरी? माझी होती का ती?"

पुढच्या रविवारी मी वस्तीत जायचं ठरवलं. सरांना फोन करून येता का विचारलं. ते म्हणाले, "मी काय बोलू तिथं येऊन?" आणि सकाळी बसथांब्यावर इस्त्रीचा शर्ट घालून उभे होते.

वस्तीत सगळी घरं एकसारखी, रांगेत. म्हातारीच्या अंगणात मुरूम पसरलेला होता. एका डब्यात तुळस, तीही पिवळी पडलेली. घरात तिचा लेक आणि सून राहत, ती दोघं कामाला गेली होती. म्हातारीनं आम्हाला ओळखलं, सतरंजी टाकली. मी तिला सगळं सांगितलं. ढिगाचं, कागदाचं, सहीचं. ती ऐकत होती, मध्येच तिनं तुळशीचं एक वाळकं पान खुडलं.

"तुह्यं नाव का हाय?" तिनं विचारलं.

मी नाव सांगितलं. तिनं ते एकदा स्वतःशी म्हणून पाहिलं. माफ केलं असं काही ती म्हणाली नाही. चहा टाकायला आत गेली.

चहा झाला. सर खाली बघत बसले होते. मग म्हातारीच म्हणाली, "साहेब, तुम्ही तवा मले दाखवलं होतं. काळी, मंग कोनती? माह्या ध्यानातून गेलं."

सरांनी मान वर केली. आणि ते सांगू लागले. कागद नाही, तक्ता नाही. धुऱ्यापासून सुरुवात केली. वरच्या अंगाला किती बोटांवर मुरूम लागत होता, मधल्या पट्ट्यात काळी कुठवर गेली होती, तिचा रंग ओला कसा आणि सुकल्यावर कसा, भेगा किती रुंद पडत, चुन्याचे खडे कुठून सुरू होत, पाणी कुठून कुठे मुरत होतं. त्या जागी आता तीस मजले खोल भोक होतं आणि ते निम्मं भरत आलं होतं. सर पावलापावलानं ते वावर चालून जात होते. म्हातारीनं डोळे मिटले होते. मी पिशवीतून वही काढली आणि लिहू लागले.

"आणि खालच्या कोपऱ्यात, विहिरीकडे, पाणी तुंबत असे," ते म्हणाले.

"नाही गा," म्हातारी डोळे न उघडता म्हणाली. "इहिरीकडं नाही. बाभळीच्या खाली तुंबे. इहिरीकडं तं कोरडं राहे."

सर थांबले. विचार केला.

"बरोबर," ते म्हणाले. "माझं चुकलं." आणि माझ्याकडे वळून, "खोड ते. बाभळीखाली लिही."

मी खोडलं आणि लिहिलं.

परतताना बसमध्ये ते काही बोलले नाहीत. मनीषनगरला उतरायच्या आधी दांडा धरून उभे राहिले आणि म्हणाले, "आता तिघाईले माहीत आहे ते वावर." बस थांबली, ते उतरून गेले.

म्हातारी त्याच हिवाळ्यात गेली. तिच्या लेकानं मला कळवलं आणि मी सरांना फोन लावला. ते "बरं" म्हणाले. मग फोन बंद करायचं त्यांच्या लक्षात राहिलं नाही, की त्यांनी केला नाही, मला माहीत नाही. मीही केला नाही. त्यांच्या गॅलरीखालून भाजीवाला जात होता. मेथी, पालक, हिरवा सांबार, अशी त्याची हाक लांब लांब जात अगदी बारीक होईपर्यंत मी ती ऐकत राहिले.